बोटांना लागणारी कड

एमबीबीएसचं शेवटचं वर्ष म्हणजे वॉर्डातलं वर्ष. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग हे विषय पेशंटच्या खाटेशी उभं राहून शिकायचे असतात. आमच्या बॅचचं नेमकं तेच वर्ष २०२० साली आलं. मार्चमध्ये हॉस्टेल रिकामं झालं आणि मी पेणला घरी आले.

आमचा गणपतीचा कारखाना. त्या वर्षी सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची, अशी मर्यादा घातली. बाबांनी मोठे साचे कोपऱ्यात लावून ठेवले. माळ्यावर, रंगाच्या वासात, मी मोबाइलवर लेक्चरं ऐकायचे. वाढलेली प्लीहा कशी तपासायची, तर बोटं उजवीकडून तिरकी वर न्यायची, पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचा, श्वासाबरोबर खाली येणारी कड बोटांना लागते. सगळं पाठ झालं, पण बोटांना काही लागलं नव्हतं. कारखान्यात नवा पोरगा आधी नुसता पॉलिश पेपर घासतो. डोळ्यांची आखणी त्याच्या हाती यायला वर्षं जातात. आमची तर घासायचीच वेळ निघून चालली होती.

मार्च २०२१मध्ये परीक्षा झाली आणि निकालापाठोपाठ दुसरी लाट. एप्रिलची नीट-पीजी पुढे ढकलली गेली, इंटर्न कोविड वॉर्डात. ऑक्सिजन किती लावायचा, पेशंटला पालथं कधी झोपवायचं, रात्री नातेवाइकांना फोनवर काय आणि कसं सांगायचं, हे तिथे शिकले. कायमचं शिकले. पण पीपीई किटवरून स्टेथोस्कोप लावता येईना आणि दुहेरी ग्लोव्हजमधून त्वचा गार आहे की गरम, तेही कळेना. एकच आजार नीट ओळखणारी डॉक्टर होऊन मी बाहेर पडले, ही टोचणी होती.

बाँडच्या सेवेसाठी २०२२ साली रोहा तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. तिथे एका संध्याकाळी कातकरवाडीवरून एक बाई धापा टाकत आली. "बाई, पोराला इचू चावला." मुलगा घामाने निथळत होता, उलट्या चालू होत्या. पावलांना हात लावला. बर्फासारखी गार.

याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या पेशंटांपाशी रात्र रात्र बसून राहिले. घाम, उलट्या, गार हातपाय ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आधीची चिन्हं आहेत, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यू किती कमी होतात तेही दाखवलं. २०२२ सालीच, मी रोह्याला गेले त्या वर्षी, त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. मोठं यंत्र नसताना त्यांनी हे साधलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

गोळी दिली. सिस्टर आणि मी खाटेशी बसलो. नाडी, रक्तदाब, छातीत पाणी होतंय का, पावलं. तीन तासांनी पुन्हा गोळी. मी ग्लोव्हज घातले नव्हते. मध्यरात्रीनंतर कधीतरी घाम आटला आणि पावलांत ऊब यायला लागली, ती मला आधी तळहाताला कळली, मग रक्तदाबाच्या आकड्यात दिसली.

सकाळी बोलता बोलता कळलं, कोविडचं लसीकरण वाडीत चालू होतं तेव्हा ती बाई वीटभट्टीवर होती. दुसरा डोस राहूनच गेला होता. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आशाताई तिला घेऊन आल्या, आणि वाडीतल्या आणखी चौघींनाही.