घर ओढणारी गाडी

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडील अनुभवी माणसें सांगत आलीं आहेत. या दोन उलाढालींनंतर मनुष्याच्या अंगीं पुरतें शहाणपण येतें, अशी त्यांची समजूत असावी. परंतु बांधलेल्या घरास चाकें लावून तें गाडीच्या मागें जोडावें, आणि लग्नानें मिळालेला सर्व परिवार त्या गाडींत बसवून हजार मैल हिंडून यावें, ही तिसरी परीक्षा त्यांच्या ध्यानींमनींही नव्हती. अमेरिकेंत ती पुष्कळ कुटुंबें हौसेनें देतात. कोलोरॅडोंत पंधरा वर्षें काढल्यावर ती आम्हांसही द्यावी लागली.

निमित्त आमच्या मातोश्रींचें झालें. सहा महिन्यांच्या परवान्यावर त्या साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. वय शहात्तर, गुडघे अधू, एकादशा सांभाळणाऱ्या. जमिनींतून उकळतें पाणी आकाशांत उडतें तें यलोस्टोनचें स्थान पाहावें, एवढी एकच इच्छा त्यांनीं बोलून दाखविली. आणि ती पुन्हा केव्हां पुरवितां येईल याचा भरंवसा कोणासच नव्हता. हॉटेलांतील अन्न त्यांस चालत नाहीं. तंबूची कल्पना तर बोलून दाखविण्याचाही धीर आम्हांस झाला नाहीं. शिवाय यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज या तळावर अस्वलांच्या भयामुळें तंबू लावूंच देत नाहींत, भिंती टणक असलेलें वाहनच लागतें. तेव्हां स्वयंपाकाची चूल, न्हाणीघर आणि निजावयास पलंग असलेला एक ट्रेलर घ्यावा, यावर घरांत एकमत झालें. एकमताचा तो शेवटचा दिवस होय.

पुष्कळ मंडळी आधीं ट्रेलर पसंत करतात आणि मग आपल्या दारांतली गाडी त्यास ओढील कीं नाहीं याचा विचार करतात. आम्हीं क्रम उलटा धरला, कारण शेजाऱ्यांचें उदाहरण डोळ्यांसमोर होतें. वायोमिंगमध्यें लॅरमी आणि रॉलिन्स या गांवांच्या दरम्यान महामार्गाचा जो पट्टा आहे, तो वाऱ्याबद्दल प्रसिद्ध आहे; वारा फार वाढला म्हणजे हलक्या व उंच गाड्यांस तो रस्ता बंद करतात. रस्ता खुला असलेल्या एका दुपारीं हे गृहस्थ तेथून चालले असतां एक मालमोटार बाजूनें पुढें गेली. तिच्या झोतानें ट्रेलरचें शेपूट हललें, पुन्हा हललें, आणि तिसऱ्या हेलकाव्यास ट्रेलरनें गाडीस आपल्याबरोबर घेऊन रस्त्याकडेला अंग टाकलें. माणसें वांचलीं. पुढें एकदां ते आम्हांस म्हणाले, "ओढण्याच्या बाबतींत माझ्या गाडीनें कधींच कुरकूर केली नव्हती." हें वाक्य आम्ही विसरलों नाहीं. ओढणें ही या कामांतली सर्वांत सोपी बाब आहे. मागच्या ओझ्यानें पुढच्याला नाचवूं नये, ही अवघड बाब आहे.

तिचें मर्म आमच्या मातोश्रींस आमच्याआधीं कळलें, हें येथें नमूद केलें पाहिजे. ट्रेलरची जी दांडी गाडीच्या मागील गोळ्यावर बसते, तिच्यावर एकंदर वजनाच्या शेंकडा दहा ते पंधरा इतका भार पडला पाहिजे, असें आम्ही मोठ्यानें वाचीत होतों. त्या तांदूळ निवडतां निवडतां म्हणाल्या, "अरे, म्हणजे गाडी उलाळ होतां कामा नये, एवढेंच ना?" बैलगाडींत ओझें मागें जास्त झालें म्हणजे जूं वर उचललें जातें, बैलांच्या मानेस गळफांस बसतो, त्या गाडीस आपल्याकडे उलाळ म्हणतात. ऊंस भरणारा गडी थोडासा भार जुंवावर ठेवतो तो याचसाठीं. फार ठेवला तर बैल वांकतात, मुळींच न ठेवला तर गाडी त्यांच्या ताब्यांत राहत नाहीं. मागें जड असलेला ट्रेलर वेग वाढतांच डोलूं लागतो, त्याचें कारण अगदीं हेंच आहे. इंग्रजी पुस्तकाची चार पानें त्या एका शब्दांत मावलीं.

आतां हा जुंवावरचा भार ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर पडतो, आणि तेथेंच विक्रेत्याचा हिशेब व कुटुंबवत्सल मनुष्याचा हिशेब यांची फारकत होते. विक्रेता एकच आंकडा सांगतो : ही गाडी अकरा हजार पौंड ओढते. तो खोटें बोलत नसतो. पूर्वीं प्रत्येक कारखानदार हा आंकडा आपापल्या मापानें ठरवीत असे. २००८ सालीं तेथील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें 'जे २८०७' या नांवाचें समान प्रमाण प्रसिद्ध केलें. टोयोटानें तें २०११ च्या गाड्यांपासून पाळलें, इतरांनीं त्यानंतर कांहीं वर्षांनीं. त्यांतील एक कसोटी मोठी मनोरंजक आहे. ॲरिझोनामध्यें डेव्हिस धरणापासून सुमारें साडेअकरा मैलांचा उभा चढ आहे. शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हांत, आंतील गारव्याचें यंत्र पूर्ण सुरू ठेवून, पुरें ओझें ओढीत गाडी त्या चढावर तासीं चाळीस मैलांच्या खालीं येतां कामा नये. कसोटी कडक आहे यांत शंका नाहीं. मात्र ती घेतांना गाडींत दोनच माणसें, प्रत्येकीं दीडशें पौंडांचीं, बसलीं आहेत असें धरतात. मुलें, आजी, पिठाचा डबा व सायकली यांचा त्यांत समावेश नाहीं.

त्यांचा हिशेब दुसरीकडे लिहिलेला असतो. चालकाचें दार उघडलें असतां खांबावर एक लहान पिवळी-पांढरी चिठ्ठी दिसते : माणसें व सामान मिळून अमुक पौंडांपेक्षां अधिक वजन या गाडींत घालूं नये. हा आंकडा एकाच जातीच्या दोन गाड्यांवर सारखा नसतो. ज्या त्या गाडीस जो जो दागिना चढविला असेल, तितकें तिच्या अंगावर घेण्याचें बळ कमी होतें.

आमच्या चिरंजीवांस जी पिकअप गाडी आवडली होती, तिला कांचेचें छप्पर होतें, कातड्याच्या आसनांत ऊब व गारवा दोन्ही येत, आणि चाकें एखाद्या रथास शोभावींत अशीं होतीं. तिच्या चिठ्ठीवर १,४१० पौंड लिहिले होते. त्याच दुकानांत कोपऱ्यांत उभी असलेली, साध्या कापडी आसनांची, धुळकट रंगाची तिची बहीण १,७९० पौंड घेत होती. इंजिन दोघींचें एकच.

घरीं आल्यावर आम्ही कागद घेऊन बसलों. माणसें पांच, मिळून ६९० पौंड. दांडी जोडण्याचा सांगाडा ९० पौंड. मागच्या हौद्यांत सायकली, लांकूडफांटा वगैरे २०० पौंड. पत्नीच्या मनांत भरलेला ट्रेलर कागदावर ५,९०० पौंडांचा होता. पण तें वजन कारखान्यांतून कोरा निघाला तेव्हांचें. भांडीं, अंथरुणें, गॅसच्या टाक्या, कपडे, धान्य आणि पाणी (एका अमेरिकन गॅलनाचें वजन आठ पौंडांहून अधिक भरतें) हें सर्व धरतां तो ७,३०० पौंडांवर गेला. त्याच्या शेंकडा तेरा म्हणजे ९४९ पौंड. एकूण बेरीज १,९२९. अकरा हजार पौंड ओढणारी गाडी सात हजारांच्या ट्रेलरापुढें हरली, आणि ती चढावर नव्हे, आमच्या जेवणाच्या टेबलावर हरली. भार पुढील-मागील आंसांवर वांटून देणारे दांडे मिळतात व ते घ्यावेतही. पण ते ओझें वांटून देतात, नाहींसें करीत नाहींत.

पत्नीचा पक्षही येथें मांडणें न्याय्य होईल. "अहो, वर्षांतून वीस दिवस आपण ट्रेलर ओढणार," त्या म्हणाल्या, "आणि उरलेले दिवस मीच ही वीस फुटांची गाडी घेऊन भाजी आणायला जाणार." याला उत्तर नव्हतें. म्हणून आमची सध्यांची सात आसनांची मोटार पुरेल काय, हें आम्हीं पुन्हा तपासलें. तिची मर्यादा ५,००० पौंड. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर थोडें. हें अंतर जितकें लांब, तितकी गाडी मागच्या धक्क्यास कमी दाद देते. ट्रेलर वीस फुटांचा असेल तर तें निदान ११० इंच असावें व पुढें दर फुटास चार इंच वाढावें, असा एक ढोबळ नियम या मंडळींत चालतो. नियम म्हणून तो कच्चा आहे, पण त्याचा रोख बरोबर आहे. त्याहून मोठी, डिझेलची पाऊण-टनी गाडी घ्यावी तर मातोश्रींस तींत चढविण्यास शिडी लागली असती. विजेच्या गाड्या ओढण्यांत बळकट असतात, परंतु मागें ट्रेलर जोडला कीं त्यांची मजल निम्म्यावर येते. आणि वायोमिंगच्या माळावर ट्रेलर सोडून, गाडी चार्जिंगला लावून, पुन्हा जोडीत बसण्याची आमची हिंमत नव्हती.

युरोपांत लहान मोटारी ट्रेलर ओढतांना आपण पाहतों, मग येथेंच हा बडेजाव कां, असें कोणी विचारील. तेथें ट्रेलर हलके, जुंवावरचा भार बेताचा, आणि वेगास लगाम असतो : जर्मनींत साधारणतः ताशीं ८० किलोमीटर, इंग्लंडांत मोठ्या रस्त्यांवरही ६० मैल. अमेरिकेंत कॅलिफोर्नियानें ५५ मैलांचा नियम केला आहे. इतरत्र लोक घर मागें बांधून मोटारींशीं शर्यत लावतात. आमच्या मतें युरोपीय माणूस यांत अधिक शहाणा आहे, परंतु त्याला रॉकी पर्वत चढावयाचा नसतो.

डोंगराचें गणित निराळें. हवा विरळ होत जाते तसें साध्या इंजिनाचें बळ दर हजार फुटांस शेंकडा तीनच्या प्रमाणांत घटतें. आमचें डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर. पश्चिमेकडील आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्याही वर. तेथें पोंचेपर्यंत असें इंजिन एक-तृतीयांश बळ गमावून बसतें. टर्बो असलेल्या इंजिनास हा तोटा पुष्कळच कमी बाधतो, म्हणून आम्हीं तेंच घेतलें. परंतु चढतांना गाडी हरली तर मागच्यांचे भोंगे ऐकावे लागतात, इतकेंच. उतरतांना ब्रेक तापून ढिले पडले तर ऐकावयास कोणी उरत नाहीं. उतारावर आधींच खालचा गिअर घालून इंजिनालाच वेग रोखूं द्यावा. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असावे. आणि ते निराळे दाबण्याची कळ चालकाच्या हाताशीं असावी. ट्रेलर डोलूं लागला तर गाडीचा ब्रेक दाबण्याचा मोह आवरून, पाय उचलून, तेवढी कळ दाबावयाची असते. आमच्या शेजाऱ्यांस हें ठाऊक होतें. त्यांच्या गाडींत ती कळ नव्हती.

चाकांवरचें हें घर नवें नाहीं. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या निवृत्त नौदल-वैद्यानें ब्रिस्टलच्या कारखान्यांत 'वाँडरर' नांवाची गाडी करवून घेतली, आणि दोन घोडे जुंपून तो स्कॉटलंडांत इन्व्हरनेसपर्यंत गेला. त्याचा नोकर तीनचाकी सायकलीवर पुढें जाऊन रस्ता पाहून येई. १९५४ सालीं आलेल्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या विनोदी बोलपटांत तर नायिका प्रवासांत जमविलेले धोंडे व मुरंब्याच्या बरण्या ट्रेलरमध्यें लपवून ठेवते, आणि डोंगर चढतांना ते सारे गडगडूं लागतात. हा बोलपट आम्हीं मुद्दाम घरांत सर्वांस दाखविला. मातोश्री पोट धरधरून हंसल्या, आणि दुसऱ्या दिवशीं साताऱ्याहून आणलेला दगडी खलबत्ता त्यांनीं स्वतः तराजूवर ठेवला. तो नऊ पौंड भरला.

शेवटीं धुळकट रंगाची पिकअप घरीं आली, तिला खालीं एक रुंद पायरी बसविली, आणि ट्रेलर बावीस फुटांचा, हलका असा घेतला. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहींत. निघण्याच्या आदल्या दिवशीं सर्व मंडळी व सर्व सामान भरून आम्ही मालमोटारींच्या विसांव्यावरील कांट्यावर गेलों. तेथें पुढचा आंस, मागचा आंस आणि ट्रेलर यांचें वजन निरनिराळें करून छापील कागद हातीं देतात. एकदां जोडून आणि एकदां सोडून असें दोनदां वजन केलें. ट्रेलर ५,२०० पौंड, दांडीवर ६७६. गाडीच्या अंगावर एकंदर १,६५६, म्हणजे चिठ्ठीच्या आंत १३४.

"यांत माझा खलबत्ता धरला आहे ना?" मातोश्रींनीं विचारलें. धरला होता. मग चिरंजीवांनीं स्वतःहून पाण्याची टाकी अर्धी रिकामी केली. पाणी तळावर मिळणारच होतें. लॅरमीपलीकडचा वारा पहाटे बहुधा नरम असतो, म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं साडेतीनला दिवे लावले आणि चार वाजतां निघालों.