सुविचारांची वही

सुविचार लिहून ठेवण्याचा छंद म्हटला की आमच्या वर्गात हमखास हशा पिकतो. आता प्रवचन सुरू होणार, असा त्या हशाचा अर्थ! हसोत बापडे. माझ्याजवळ अशी एक वही आहे आणि ती मी टाकलेली नाही.

वही मुळात ताईची. शाळेच्या फळ्यावर रोज खडूने लिहिलेला सुविचार ती उतरवून घेई. बारावीनंतर घरची ओढाताण वाढली आणि ती घाटकोपर स्टेशनजवळच्या एका शिवणकामाच्या दुकानात काजे-बटणे करू लागली. वही त्रेसष्टाव्या पानावर थांबली. शेवटचे वाक्य आहे, प्रयत्नाला फळ येतेच अशा अर्थाचे. खाली एका थोर पुरुषाचे नाव. ‘पुढं तू लिही,’ एवढेच म्हणून तिने वही मला दिली.

त्या वाक्यापुढे लिहायचे तरी काय? हे म्हणणारा कोणत्या परिस्थितीत म्हणाला, हे एकदा पाहावेसे वाटले. ग्रंथालयात पुष्कळ शोधूनही त्या थोर पुरुषाच्या लेखनात ते वाक्य सापडेना. फोनवर मात्र तेच वाक्य सकाळी चाणक्याच्या नावावर येते, तर संध्याकाळी आईन्स्टाईनच्या!

संस्कृतचे सर हसले. म्हणाले, ‘हा रोग जुना आहे, कोसंबी वाच.’ दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. पुण्याहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते डेक्कन क्वीनने येत, म्हणजे आपल्या घाटकोपरवरूनच. गाडी इथे थांबत नाही, हे आपले दुर्दैव. भर्तृहरीच्या नावावर चालणारे श्लोक त्यांनी शेकडो हस्तलिखितांवरून ताडून पाहिले आणि १९४८ साली संपादित आवृत्ती काढली. तीत श्लोक ८५२. पण सर्व पाठपरंपरांत सामान्यपणे आढळणारे अवघे २००. उरलेले कुणाकुणाचे असतील! आपली ओळ भर्तृहरीच्या पदरात टाकून ती माणसे निनावी निघून गेली.

याच कोसंबींनी वा. वि. गोखल्यांसह १९५७ साली विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ प्रसिद्ध केला. विद्याकर हा अकराव्या शतकाच्या अखेरीचा बंगालमधील बौद्ध पंडित. आवडलेले सतराशेहून अधिक श्लोक त्याने जमवले आणि जमेल तिथे कवीचे नावही लिहून ठेवले. त्यांतल्या कित्येक कवींचे दुसरे काहीच आज उरलेले नाही. श्लोक जमवून विद्याकर स्वतः किती सुधारला, कोण जाणे. मला त्याची ती नावे लिहिण्याची सवय फार आवडली.

तेव्हापासून कुणी, कुठे, केव्हा म्हटले हे कळल्याखेरीज मी वहीत काही घेत नाही. त्यामुळे वही फार सावकाश भरते. थोरांची वाक्ये कमी झाली, शेजारपाजारची वाढली. एकदा ताई उसवत बसली होती. मी कारण विचारले, तर म्हणाली, ‘धागा तुटला की नुसती गाठ मारून पुढं जायचं नाही. मागचे दोन टाके उसवायचे, मग धरायचं.’ मी ते तारखेसह, तिच्या नावाने लिहिले. तिने पाहिले आणि म्हणाली, ‘वेडा आहेस का? यात लिहिण्यासारखं काय आहे?’

गेल्या महिन्यात मात्र तिने आपणहून वही मागून घेतली आणि रात्री बराच वेळ चाळली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ची माहिती तिने आणवली आहे. फीचे अजून जुळायचे आहे. दुकानातून रविवारची सुट्टी मिळेल की नाही, तेही ठरायचे आहे. ते कागद सध्या वहीतच आहेत.