तपकिरीची डबी

आमच्या घरात आजोबांना शापाय म्हणतात. घरात कोंकणी, गल्लीत मराठी, कॉलेजात इंग्रजी आणि बाजारात कन्नड, असं आम्हा बेळगावकरांचं चालतंच.

गेल्या मार्चमध्ये आम्ही पाच जणी खानापूरजवळ एका मैत्रिणीच्या मळ्यात एक रात्र राहायला निघालो. मळ्याच्या खाली मलप्रभेचा डोह आहे. ऑनलाइन मागवलेला घडीचा फिशिंग रॉड मी सॅकमध्ये कोंबत होते आणि तो काही केल्या मावत नव्हता. शापाय खुर्चीत बसून खडखड ऐकत होते. काचबिंदूमुळे त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं.

"काय गं ते एवढं लांब?"

"रॉड. मासे पकडायला."

"रानात जाणाऱ्यानं घरनं काठी न्यायची नसते, बाय. काठी तिथं मिळते. बाकीचं खिशात मावलं पाहिजे."

मग त्यांनी मला कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक डबी काढायला लावली. तपकिरीची, पत्र्याची, तळहाताएवढी. आत बांबूच्या चपट्या कामटीवर गुंडाळलेला तंगूस. बाटलीच्या बुचात टोचून ठेवलेले सहा गळ, म्हणजे हाताला लागत नाहीत आणि बूच पाण्यावर तरंगवायलाही होतं. शिशाचे चार मणी, अर्धं ब्लेड, मेणबत्तीचा तुकडा. "तंगूस बदल, जुना झाला की कुजतो," एवढीच सूचना. आमिष न्यायचं नाही, कणीक तिथल्या डब्यात असतेच.

शापाय शिकारीला जायचे हे मला ठाऊक होतं, पण तो विषय घरात फारसा निघत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यांनी परवान्याची एकनळी जमा केली. त्याआधी चार-पाच जण खानापूरच्या रानात दोन-दोन रात्री काढायचे. त्यातलं बरंच रान 2011 पासून भीमगड अभयारण्यात आहे.

पण बंदूक घेऊन जाणाऱ्याला गळ कशाला?

"शुक्रवार!" शापाय म्हणाले. त्या काळी वर्षातल्या प्रत्येक शुक्रवारी आपल्याला मांस वर्ज्य. गटात कॅथलिक हे एकटेच. निघायचं शुक्रवारी, आणि डुक्कर पडलं तर त्याच रात्री शिजायचं. बाकीचे ओरपणार आणि हे चटणी-भाकरी खात बसणार. मासा मात्र चालतो. म्हणून डबी.

थोडं थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू? बहुतेक वेळा काही पडायचंच नाही. हाका घालून घसे बसायचे. सोमवारी गावात गोष्टी सांगायला बंदूक, पोटाला डबी. पट्टीचे शिकारी माझ्या शिंगाळ्यावर जगलेत."

मी हसले. आणि हसता हसता विचारलं, "वाईट नाही वाटत?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. "एकदा भेकराची मादी पडली. सोलताना कळलं, पोटात पिल्लू होतं." पुढे काही नाही. मला त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द हवा होता, कन्फेशनला गेल्यावर म्हणतो तसा. तो मागायचा हक्क मला कुणी दिला, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि म्हणाले, "गळ दे. गाठ शिकवतो."

तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्याच्याच भोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक मागे आणून नेढ्याजवळच्या फासातून घ्यायचं, मग नव्यानं झालेल्या मोठ्या फासातून. थुंकी लावायची आणि हळू ओढायचं. कोरडी गाठ ओढली तर तंगूस घासून कमजोर होतो. त्यांची बोटं थरथरत होती, पण गाठीपाशी आली की थरथर थांबायची. मला घाई होती. दोनदा बांधून दाखवली आणि "जमलं" म्हणून टाकलं.

मळ्यात संध्याकाळी बूच एकदम बुडालं. हातात ओढ आली, खरी, जिवंत ओढ. मी किंचाळले. आणि सगळं हलकं झालं. मागे चुलीवर चिकन शिजत होतं, आणि नेमका लेंटचा शुक्रवार. मी चटणी-भाकरी खाल्ली.

"मिळालं काय?" घरी येताच शापायनी विचारलं.

"मोठा होता. तंगूस तुटला."

त्यांनी हात पुढे केला. मी कामटी दिली. तंगूस बोटांतून सरकवत ते टोकापर्यंत गेले. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं.

"तुटला असता तर टोक सरळ असतं. हे वळलंय. गाठ सुटली. दुसऱ्या फासातून घेतलं नाहीस."

मी गप्प.

"ब्लेड दे." वळलेलं टोक त्यांनी कापून टाकलं, बुचातला एक गळ चाचपून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "बांध. डोळे मिटून."