गुरुवारचं पुस्तक

जपमाळ मला नवीन नव्हती. माहेरी आजी रोज १०८ मणी ओढायची, मेरुमणी आला की माळ उलटी फिरवायची. त्यामुळे लग्न होऊन वसईत आले, ऑक्टोबर लागला आणि सासूबाईंनी संध्याकाळच्या रोझरीला हातात माळ दिली, तेव्हा वाटलं, एवढं तर जमेल.

पण या माळेला शेपूट होतं. टोकाच्या क्रुसावर विश्वासांगीकार, मग एक मोठा मणी, तीन लहान, पुन्हा एक मोठा. इतकं झाल्यावर कुठे खरी माळ सुरू! मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, पुढच्या दहा मण्यांवर नमो मरिया, अशी पाच दशकं. बरं, प्रार्थनाही वाटून घेतलेली. नमो मरियाचा पूर्वार्ध दीर म्हणतात, उत्तरार्ध बाकीचे. त्यांचं शेवटचं अक्षर तोंडात असतानाच आमच्याकडचा उत्तरार्ध सुटतो, आणि तो संपायच्या आत दीर पुढच्या मण्यावर. श्वास कुठे घ्यायचा तेच कळेना.

ते सवयीनं जमतं. अवघड वेगळंच होतं. प्रत्येक दशकाआधी एक रहस्य सांगतात, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग. मन त्यात ठेवायचं आणि तोंडानं नमो मरिया म्हणायचं. आजीचं नाम आणि ध्यान एकाच ठिकाणी असायचं. इथे बेथलेहेमात बाळ जन्मलेलं, दिरांच्या तोंडी गॅब्रिएल दूताचं वंदन आणि आमच्या तोंडी मरणाच्या घडीची विनवणी!

"आई, लक्ष नक्की कुठे द्यायचं?"

"शब्दांच्या मागे नको लागूस. ते चालत राहतात."

हे सांगणाऱ्या सासूबाई स्वतः माळ ओढता ओढता डोळ्यांनी पुतणीला ताठ बसवतात आणि हाताच्या खुणेनं गॅस बंद करवतात.

रहस्यांचे वारही ठरलेले. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. गुरुवार मला आवडतो, कारण त्या दिवशी सासूबाईंनाही पुस्तक लागतं. त्यांच्या लहानपणी रहस्यं पंधराच होती. पंधरा दशकांच्या १५० नमो मरिया, बायबलातल्या १५० स्तोत्रांइतक्या. स्तोत्रं वाचता न येणाऱ्यांची ती सोय. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली, तीच गुरुवारची, आणि नमो मरियांची संख्या २०० झाली. इतका जुना मेळ का मोडायचा, असं मी, कालची आलेली, म्हणून गेले.

"काना गावचं लग्न पूर्वी माळेत नव्हतंच," सासूबाई म्हणाल्या. "द्राक्षारस संपला हे मरियेच्या ध्यानात आलं, तिनं लेकाला सांगितलं. यजमानाची अब्रू राखणारी बाई माळेत नको?"

लग्नघरात ऐनवेळी काही कमी पडलं की काय होतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. त्या दशकात मन जागचं हलत नाही. पुढच्या दशकाला हमखास उद्याच्या डब्यात शिरतं.