परसातला जुना आंबा

परसातला जुना रायवळ आंबा आजारी पडतो तो बहुधा जमिनीकडून, आणि घरच्यांची नजर असते शेंड्याकडे. मोहोर कमी आला, फळ बारीक झाले, शेंड्याची पाने विरळ दिसू लागली की औषध विचारले जाते. चार वर्षांपूर्वी बुंध्याला टेकवून घातलेला कोबा मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. फरशी, कोबा, गाडी उभी करून दाबलेली जमीन, बांधकामाची बुंध्याभोवती ओढलेली भर, या सगळ्यांनी ती गुदमरतात. मोठे झाड साठवणीवर काही वर्षे तग धरते, म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड कोणी घालत नाही. सिमेंटचा पारही त्यातलाच. दिसतो छान, पण आत माती भरली की खोडाची साल कायम ओली राहून कुजते. खत बुंध्याशी ओतण्यात अर्थ नाही. पावसाळ्याच्या तोंडावर फांद्यांच्या घेराखाली उथळ चर काढून कुजलेले शेणखत घालावे. झाडाचा पाचोळा झाडाखालीच राहू द्यावा. तो रोज झाडून जाळणे ही टापटीप झाडाला महाग पडते.

बुंध्याशी लाकडाचा ताजा भुसा पडलेला दिसला तर भिरूड लागला असे समजावे. ही लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी. बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, सालीखालून लाकडात बोगदे पोखरत जाते. भुशाच्या मागावर छिद्र शोधायचे, तारेच्या आकड्याने अळी ओढून काढायची, कीटकनाशकात भिजवलेला बोळा आत सारायचा आणि छिद्र चिखलाने लिंपायचे. बांडगुळाचेही असेच: ते फुलण्याआधी, मूळ शिरले आहे त्याच्या बरेच खालून, फांदीसकट कापावे. नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते. फळे धरली तर फुलटोचे पक्षी त्याचे चिकट बी फांदोफांदी नेतात.

वाळकी फांदी पावसाळ्याआधी उतरवावी. आधी खालून अर्धवट चीर, मग थोडे पुढे वरून काप, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत येत नाही; उरलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर कापायचा. त्या कड्यातूनच जखम भरते. अमेरिकी वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवले की झाड कूज बरी करत नाही, ती आतून कोंडून ठेवते. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी रीत त्यामुळेच मागे पडली. भक्कम झाडातली ढोली पिंगळ्यासाठी सोडावी. तिच्यापाशी तडा दिसू लागला, तर मात्र जाणकाराला बोलवावे.

तोडायचेच ठरले तरी मालकाची मर्जी पुरत नाही. शहरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले. गावात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहेच, आणि परवानगी तिथेही लागते.