डोंगरमाथ्यावरचें चिमुकलें राष्ट्र

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत वडिलांसमवेत इटलीस जाण्याचा योग आला. निघण्यापूर्वी घरांत एक लहानसा कलह झाला होता. शिक्षणाकरितां माझा आतेभाऊ आमच्याकडे राहावयास येणार होता; तेव्हां "दोनच खोल्या, त्याला जागा कोठून देणार?" असें मीं आईस तोंड वर करून विचारलें होतें. ती कांहींच बोलली नाहीं.

एके दिवशीं सकाळीं समुद्रकांठच्या रिमिनी शहरीं आम्हीं सान मारिनोची बस धरिली. प्रवास अवघ्या तासाभराचा. वाटेंत गुरखा सैनिकांची दफनभूमि लागली. १९४४ सालीं या टेकड्यांवर झालेल्या लढायांत हिंदी फौजाही होत्या, असें वडिलांनीं सांगितलें. पुढें वळणांमागून वळणें घेत बस चढूं लागली. देशाची सीमा केव्हां ओलांडली हें कळलेंही नाहीं. ना पहारा, ना तपासणी!

तितानो डोंगराच्या माथ्यावर राजधानी वसली असून कड्यावर तीन बुरूज उभे आहेत. देशाचें क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारें ३४ हजार! मारिनो नांवाच्या एका पाथरवटानें इ. स. ३०१ मध्यें याचा पाया घातला, अशी आख्यायिका आहे. येथें राज्यप्रमुख दोन असतात, आणि दर सहा महिन्यांनीं ते बदलतात.

फिरत फिरत आम्ही आगगाडीच्या एका जुन्या बोगद्यापाशीं आलों. १९३२ सालीं सुरू झालेली ही गाडी १९४४ च्या बाँबवर्षावांत बंद पडली. त्याच वर्षीं इटलींतून जीव घेऊन पळालेल्या सुमारें एक लाख निराश्रितांना या देशानें थारा दिला. तेव्हां येथील स्वतःची लोकवस्ती होती जेमतेम १५ हजार! कित्येक कुटुंबें या मार्गावरील बोगद्यांतच राहिलीं.

मी बोगद्याच्या तोंडाशीं उभा राहिलों. आंतून गार वारा येत होता. दर माणसामागें सहा पाहुणे, आणि तेही बाँब पडत असतांना! आमच्या दोन खोल्यांचा हिशेब मला आठवला व मान खालीं गेली. वडील कांहीं बोलले नाहींत. बोलण्याची गरजही नव्हती.

त्याच रात्रीं मीं आईस कळविलें, "खिडकीजवळची माझी जागा भावासाठीं ठेव."

जूनपासून आम्ही दोघे एकाच मेजावर अभ्यास करतों. कधीं कोपराला कोपर लागतो, कधीं दिव्यावरून भांडण होतें. पण जागा पुरते.