दुसऱ्याचं मूल, आपलं घर

द्राक्ष उभं कापायचं, आडवं नाही. आडवं कापलं तर गोल चकती होते आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत ती घट्ट बसू शकते. उभ्या चार फोडी कराव्यात. छोट्या टोमॅटोंचंही तेच. अख्खे दाणे, काजू, बदाम पाच वर्षांच्या आतल्या मुलांना नाहीत. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, बोटभरसुद्धा नाही. हे शेवटचं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती जरा वेळ गप्पच झाली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाळाच्या जिभेला पहिला स्पर्श मधाचाच होत आला आहे.

इंग्लंडमध्ये रेडिंगला, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीतल्या आमच्या घरात, मी चाइल्डमाइंडर म्हणून काम सुरू केलं. आपल्याकडच्या घरगुती पाळणाघराच्या जवळचं हे काम, पण ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे, किंवा तिच्याकडे नोंदलेल्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे, नोंदणी केल्याशिवाय करता येत नाही. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची पोलीस नोंदींची पडताळणी होते, म्हणजे माझ्याबरोबर नवऱ्याचीही. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा बारा तासांचा अभ्यासक्रम, आणि तो दर तीन वर्षांनी पुन्हा. विमा, आरोग्याची माहिती, आपल्याला ओळखणाऱ्यांची नावं, वर्षाला ३५ पौंड नोंदणी शुल्क. आणि मुलांची संख्या ठरलेली. सर्वसाधारणपणे एका वेळी आठ वर्षांखालची सहा, त्यांतली पाच वर्षांखालची तीनच, आणि वर्षाच्या आतलं एकच. स्वतःची मुलंही त्यात धरायची.

त्या प्रथमोपचाराच्या वर्गातली एक गोष्ट अजून हाताला आठवते. रबराचं बाळ पुढ्यात दिलं होतं. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या एकाच तोंडात मावतात, आणि फुंकरीएवढाच श्वास द्यायचा. आधी पाच श्वास, मग छाती दाबायची. रबर असूनही माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेल्या बाईंनी काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तीस वर्षं हेच काम केलेलं होतं.

माझी आत्या डोंबिवलीला पाळणाघर चालवायची. दोन खोल्या, कोपऱ्यात घड्या घालून ठेवलेल्या सतरंज्या, खिडकीला दोरीने बांधलेलं स्टूल. सकाळी लोकल गाठायच्या घाईतल्या आया दारातूनच मूल तिच्या कडेवर द्यायच्या. पाटी नव्हती, कागद नव्हता. पण कुणाला बटाटा चालत नाही, कोण झोपेत दचकतं, कुणाच्या घरी सध्या भांडणं चालली आहेत म्हणून ते मूल उशी घट्ट धरतं, हे सगळं तिला ठाऊक असायचं. एकदा कुणाचा तरी काका मूल न्यायला आला. ओळखीचा, गोड बोलणारा. आत्याने त्याला चहा दिला, बसवून ठेवलं, पण आई येईपर्यंत मूल हातात दिलं नाही. आज मला प्रत्येक पालकाकडून लिहून घ्यावं लागतं की मूल न्यायला कोण कोण येऊ शकतं, आणि अनोळखी कुणी आलं तर त्याने कोणता परवलीचा शब्द सांगायचा. आत्याच्या डोक्यात होतं ते माझ्या फाइलमध्ये आहे. फाइलला नावं ठेवणारी माणसं पुष्कळ भेटतात. मला ती फाइल आवडते. आत्या आजारी पडली असती तर तिच्याकडची सगळी माहिती तिच्याबरोबर दवाखान्यात गेली असती.

शिवाय ही फाइल इथे उगाच आलेली नाही. मुलं सांभाळणाऱ्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा इथे १९४८ साली झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत गेलेल्या बायांच्या मुलांसाठी जी पाळणाघरं निघाली होती, त्यांतली बरीच युद्ध संपल्यावर बंद पडली, पण बायांचं काम काही थांबलं नाही. पुढे कित्येक मुलं नोंदणी नसलेल्या घरांत राहिली. अशा सांभाळणाऱ्यांवर ब्रायन आणि सोनिया जॅक्सन यांनी अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९७९ साली आलं. दूरदेशाहून आलेल्या, पाळ्यांमध्ये राबणाऱ्या आयांना परवडेल ते घर शोधावं लागे. मीही दूरदेशाहूनच आले आहे, आणि माझ्या दारात येणाऱ्या आयाही बहुतेक तशाच. म्हणून दाराजवळच्या भिंतीवर लावलेल्या नोंदणीच्या प्रमाणपत्राकडे माझं रोज लक्ष जातं. नोंदणीचं काम २००१ साली नगरपालिकांकडून ऑफस्टेडकडे आलं, आणि तेव्हापासून एकाच मापाने सगळ्यांची तपासणी होते.

नोंदणीआधी तपासनीस बाई घर पाहायला आल्या. जिन्याचं फाटक, धुराची घंटा, औषधांचं कुलूप त्यांनी पाहिलं. पण जास्त वेळ त्या माझ्याशी बोलतच बसल्या. मुलाच्या अंगावर वळ दिसला तर काय कराल? मूल म्हणालं, तुला एक सांगते पण कुणाला सांगू नकोस, तर? मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, आणि वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. नगरपालिकेच्या बालसंरक्षण विभागाला कळवावं लागेल. पण उत्तर देता देता मला जाणवलं की इथे मी आईची मैत्रीण नाही आणि सरकारची माणूसही नाही. मी त्या मुलाच्या बाजूची आहे. त्याची आई मला कितीही आवडत असली तरी. तो क्षण मला या कामाचा खरा आरंभ वाटतो.

मग घराचं रूप बदललं. मी गुडघ्यांवर बसून सगळ्या खोल्या फिरले. त्या उंचीवरून टेबलाच्या खालची बाजू दिसते, प्लगची भोकं नजरेसमोर येतात, पडद्याची दोरी गळ्याशी येते. स्वयंपाकघराचंही तेच झालं. कोणत्या पदार्थात काय आहे ते पालकांना सांगावं लागतं, आणि कायद्याने ठरवलेल्या, ॲलर्जी आणणाऱ्या चौदा पदार्थांच्या यादीत दाणे आहेत, तीळ आहे, आणि मोहरीही आहे. जन्मभर जी मोहरी तेलात टाकताना मी कधी विचार केला नव्हता, ती आता पाटीवर लिहून लावते: आज वरणात मोहरी. बहुतेक मुलांच्या वरणाला मी जिरं-हिंगाची फोडणी देते. तूप-भात-वरण इथल्या मुलांना फार आवडतं, याचा मला मनापासून आनंद आहे. झोपवतानाही तसंच. मी वाढले त्या घरात बाळाला दुपट्यात गुंडाळून, उशा लावून ठेवत. इथे बाळ पाठीवर, मोकळ्या गादीवर, शेजारी काही नाही. १९९१ साली या देशात पाठीवर झोपवण्याची मोहीम झाली आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू झपाट्याने घटले. माझ्या आजीच्या मायेबद्दल मला कधीच शंका नाही. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

सगळ्यात सुंदर गोष्ट मला एलिनॉर गोल्डश्मिड या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंकडून मिळाली. बसता येतं पण रांगता येत नाही अशा बाळापुढे त्या एक टोपली ठेवायला सांगायच्या. टोपलीत प्लास्टिकचं काही नाही, घरातल्या रोजच्या वस्तू. माझ्या टोपलीत लहान लाटणं, स्टीलची वाटी, झारा, चहाची गाळणी, घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी, लोकरीचा गोंडा आणि एक लिंबू आहे. मोठ्याने जवळ बसायचं, पण हातात काही द्यायचं नाही, नावं सांगायची नाहीत, शाबासकीही द्यायची नाही. नऊ महिन्यांचा मुलगा आधी सगळं नुसतं बघत बसला. मग करवंटी उचलली, चाटली, उलटी केली, आत बघितलं. झारा तिच्यावर आपटला. आवाजाने स्वतःच थबकला. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आपटला, या वेळी हळू. मग वाटीवर आपटला, आणि आवाज वेगळा आला तेव्हा त्याच्या भुवया उंचावल्या. अर्धा तास तो तल्लीन होता. आपल्याकडे बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ पासून पाड्यांवरच्या मुलांसाठी जे काम केलं, त्यातही शंख, शिंपले, बिया, गारगोट्या होत्या. महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, आणि मुलांना त्यांची गरजही नव्हती. या दोन बायका कधी भेटल्या असत्या तर त्यांचं छान जमलं असतं, असं मला वाटतं.

गणपतीत भेटलेल्या एका ओळखीच्या बाई म्हणाल्या, एवढी शिकलीस आणि शेवटी मुलंच सांभाळतेस? मी त्यांना आत्याबद्दल सांगितलं. तिच्याकडे वाढलेली मुलं आता बाप झाली आहेत आणि दिवाळीला तिच्या पाया पडायला येतात. इंग्लंडात १९९०च्या दशकात लाखाच्या आसपास चाइल्डमाइंडर होत्या. आता तीस हजारसुद्धा उरलेल्या नाहीत. काम लांबलचक, पैसा बेताचा, कागद भरपूर. पण ज्या गल्लीतली शेवटची चाइल्डमाइंडर काम सोडते, त्या गल्लीतली पहाटेच्या पाळीची आई मूल कुठे ठेवणार, हे मला त्या बाईंना विचारायचं होतं, आणि मी विचारलंही.

आयांना मी एकच आग्रह धरते: गुपचूप सटकू नका. आपल्याकडे मुलाचं लक्ष दुसरीकडे वेधून आई मागच्या पायाने निघून जाते, आणि सगळे म्हणतात, बरं झालं, रडलं नाही. मला ते पटत नाही. सांगून जा, रडू दे. मी त्याला घेऊन खिडकीत उभी राहीन. रडणारं मूल दुःखी असतं, पण फसवलं गेलेलं नसतं. पोलंडहून आलेल्या एका आईला हे फार जड गेलं. पहिल्या दिवशी तिने मला कागदावर शब्द लिहून दिले: वोडा म्हणजे पाणी, बोली म्हणजे दुखतंय. मी ते फ्रिजवर लावले आणि तिच्यासमोर म्हणून दाखवले. उच्चार तिने दोनदा सुधारला, मग मुलीचा पापा घेतला, येते म्हणाली आणि गेली. मुलगी रडली. दुपारी तिने माझ्याकडे येऊन वोडा मागितलं.

एक मुलगा आहे, त्याची आई इस्पितळात परिचारिका आहे. संध्याकाळी ती युनिफॉर्ममध्येच येते. मी त्याचा दिवस सांगते: किती खाल्लं, किती वाजता झोपला, डाव्या गुडघ्याला कुठे खरचटलं, त्यावर काय लावलं. अपघाताच्या वहीत ती सही करते. ती मधे बोलत नाही, मान किंचित वाकवून ऐकते आणि शेवटी दोन नेमके प्रश्न विचारते. पाळी बदलताना वॉर्डात रोग्याची माहिती अशीच ऐकायची असते, हे तिनेच मला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिची सकाळची पाळी आहे. मंगळवारी ती पावणेसातला येईल. त्याची सकाळची लापशी माझ्याकडेच होईल.